दर शुक्रवारी मंदावणारं नेट: लिनक्स कर्नलमध्ये पॅकेट नेमकं कुठे पडतं ते कसं शोधावं

लक्षणं

लिनक्सवर चालणारं गेटवे किंवा फायरवॉलचं मशीन, म्हणजे ऑफिसचं सगळं इंटरनेट ज्यातून येतं-जातं ते. सकाळी साडेआठला सगळं सुरळीत. साडेदहाला माणसं जागेवर बसली की दोन मिलिसेकंदांचं पिंग ऐंशीवर जातं, मध्येच तीनशेवर. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, पण मोठी फाइल मात्र बऱ्यापैकी उतरत राहते. पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारे डेटाचे तुकडे, एक-दोन टक्के, तोही सलग नाही, हिसक्याहिसक्याने. काही वेळा जुनी उघडलेली पानं चालतात आणि नवं काहीच उघडत नाही. टॉप लावून बघितलं तर एकूण सीपीयू पंधरा टक्केसुद्धा नाही, फक्त केसॉफ्टआयआरक्यूडी/० नावाचा एक थ्रेड यादीत सगळ्यांच्या वर बसलेला असतो. रीबूट केलं की तासभर बरं, मग पुन्हा तेच.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी थोडं थांबा. लाइन तपासायला येणारा मुलगा उन्हातान्हात येतो, मीटर लावतो, लाइन स्वच्छ असल्याचं सांगतो आणि तरी बोलणी खाऊन जातो. हे मी भोसरी, चाकण, नऱ्हे भागांतल्या छोट्या कारखान्यांमध्ये इतक्यांदा पाहिलंय की मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. पॅकेट दारापर्यंत आलेलं असतं. घरातून ते उचलायला कोणी वेळेत येत नाही, हा खरा बिघाड.

खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. आधी फुकटच्या, मशीनला धक्का न लावणाऱ्या. अवघड त्या शेवटी. एकच आग्रह आहे: कुठूनतरी मिळालेले वीस-पंचवीस सेटिंगचे आकडे आधीच मशीनमध्ये ओतू नका. त्यातला प्रत्येक आकडा पॅकेटच्या रस्त्यावरच्या एका ठरावीक जागेचा आहे. पॅकेट दुसऱ्याच जागी पडत असेल तर तो बदलून काहीही होत नाही, आणि नंतर काय बदलल्याने काय झालं हेही कळत नाही.

आधी रस्ता समजून घ्या

पॅकेट आलं की नेटवर्क कार्ड ते थेट रॅममधल्या एका गोल रांगेत ठेवतं. ही रिंग. मग कार्ड सीपीयूला इंटरप्ट देतं, म्हणजे दाराची बेल वाजवतं. प्रत्येक पॅकेटला बेल वाजली तर सीपीयू दार उघडण्यातच दमेल. म्हणून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २.४.२० आवृत्तीपासून नॅपी नावाची पद्धत आहे: पहिली बेल वाजली की ड्रायव्हर बेलच बंद करतो आणि स्वतः दाराशी जाऊन साचलेली पॅकेट उचलत राहतो. दाराशी काही उरलं नाही की बेल पुन्हा चालू.

हे उचलण्याचं काम सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे इंटरप्टनंतर उरलेली कामं उरकणाऱ्या कर्नलच्या भागात, होतं आणि त्याला मर्यादा आहेत. एका कार्डाच्या एका रांगेतून एका दमात साधारण ६४ पॅकेट, आणि पूर्ण फेरीत सगळी मिळून ३००. फेरीला वेळेचीही मर्यादा असते. काम उरलं तर पुढच्या फेरीत. फारच साचलं तर ते केसॉफ्टआयआरक्यूडी या थ्रेडकडे जातं, आणि हा थ्रेड इतर साध्या प्रोसेससारखाच सीपीयूची पाळी येण्याची वाट बघतो. पिंग ऐंशीवर जातं ते इथे.

एक हिशोब डोक्यात ठेवा. १० गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटची सगळ्यात लहान पॅकेट सलग आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार येतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या सीपीयूचे जेमतेम २०० सायकल. १ गिगाबिटवर दहापट सवड मिळते. पॅकेट लहान असो की मोठं, कर्नलची मेहनत जवळपास तेवढीच असते. त्यामुळे किती एमबीपीएस यापेक्षा सेकंदाला किती पॅकेट हा आकडा महत्त्वाचा. आणि डाउनलोड चालत असताना आवाजच का तुटतो? डाउनलोड हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवून घेतं, बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाला तेवढी सवड नसते.

केबल आणि स्पीड

ईथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती आणि सेटिंग दाखवणारा प्रोग्राम) आणि पुढे कार्डाचं नाव, एवढीच कमांड. स्पीड १००० आणि डुप्लेक्स फुल दिसलं पाहिजे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटली किंवा क्लिप सैल झाली की पुष्कळदा जोडणी १०० वर उतरते, आणि नेट चालू राहतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग ईथटूलला मोठा एस देऊन सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या पॅकेटांचा आकडा, बघा. ते वाढत असतील तर पॅच कॉर्ड बदला, स्विचचं पोर्ट बदला, आणि पुन्हा मोजा. कर्नलचा यात काही संबंध नाही.

ईथटूलबद्दल एक सावधगिरी. यात साधारणपणे लहान अक्षर दाखवतं आणि मोठं अक्षर बदलतं: लहान जी रिंगचा आकार दाखवतो, मोठा जी तो बदलतो, सी, एल, के यांचंही तसंच. एसचं मात्र उलटं आहे. मोठा एस आकडेवारी दाखवतो, लहान एस स्पीडची सेटिंगच बदलतो. दुरून लॉगिन करून काम करताना इथे बोट चुकलं तर मशीन हातातून जाऊ शकतं.

पाच मिनिटांची मोजणी

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते, आणि निम्मे बिघाड इथेच उघडे पडतात. त्रास चालू असतानाच मोजा. संध्याकाळी सात वाजता, सगळे घरी गेल्यावर मोजून काही हाती लागत नाही.

पहिल्या खिडकीत एमपीस्टॅट (सीपीयूचा वेळ कशात जातो ते दाखवणारी कमांड) लावा, सगळे सीपीयू वेगवेगळे दिसतील असा, दर सेकंदाला. सरासरीच्या ओळीकडे बघू नका. चार कोअरच्या मशीनवर एक कोअर पूर्ण भरला तरी सरासरी पंचवीसच दिसते, आणि त्या पंचवीस टक्क्यांनी भल्याभल्यांना फसवलंय. सॉफ्ट नावाचा रकाना बघा, तो सॉफ्टआयआरक्यूत गेलेला वेळ. एकाच सीपीयूच्या ओळीत तो नव्वदच्या वर आणि बाकीचे रिकामे, असं दिसलं तर रोगाचं अर्धं निदान झालं. मशीन व्हर्च्युअल असेल तर स्टील हा रकानाही बघा. तो सतत पाच-दहा टक्क्यांवर असेल तर तुमच्या वाटचा सीपीयू यजमान मशीन दुसऱ्याला देतंय. तुमच्या कर्नलमध्ये कितीही बदल केलेत तरी त्याने फरक पडणार नाही, यजमान मशीन सांभाळणाऱ्याशी बोला.

दुसऱ्या खिडकीत /प्रॉक/नेट/सॉफ्टनेट_स्टॅट ही फाइल वॉच कमांडला डी पर्याय देऊन दर सेकंदाला दाखवा, म्हणजे बदललेले आकडे उठून दिसतात. दर सीपीयूला एक ओळ, आकडे हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत), आणि सगळे मशीन सुरू झाल्यापासूनचे. म्हणून नुसता मोठा आकडा बघून घाबरू नका, तो आत्ता वाढतोय का ते बघा. पहिला रकाना हाताळलेल्या पॅकेटांचा. दुसरा, त्या सीपीयूची बॅकलॉग रांग (पुढच्या कामाची वाट बघणाऱ्या पॅकेटांची रांग) भरल्यामुळे टाकून दिलेल्यांचा. तिसरा, मर्यादा संपली तेव्हा काम उरलेलं होतं असं किती वेळा झालं त्याचा.

भोसरीच्या एका युनिटमध्ये ही फाइल मी पहिल्यांदा मालकांना दाखवली तेव्हा पडद्यावर चार ओळी होत्या. वरच्या ओळीत पहिला आणि तिसरा रकाना सेकंदासेकंदाला उड्या मारत होते. खालच्या तीन ओळींत पहिल्या रकान्यातलं शेवटचं अक्षर अधूनमधून हलायचं, तेवढंच. मालकांना हेक्स कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण ते लगेच म्हणाले, "म्हणजे चार माणसं पगारावर आहेत आणि माल एकटाच उतरवतोय?" मी हो म्हटलं. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

तिसरी खिडकी ईथटूलच्या मोठ्या एसची. मिस्ड, नो बफर, फिफो, ड्रॉप असे शब्द असलेले आकडे दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्या आणि वजाबाकी करा. नावं ड्रायव्हरप्रमाणे बदलतात. इथे वाढ दिसली तर पॅकेट रिंगमध्येच, कर्नलने हात लावायच्या आधी पडतंय. इथे शांतता आणि सॉफ्टनेटचा दुसरा रकाना वाढतोय, तर बॅकलॉगमध्ये पडतंय. दोन्ही शांत आणि तरी तक्रार कायम, तर पुढे फायरवॉलमध्ये किंवा थेट अॅप्लिकेशनच्या दाराशी पडतंय. अॅप्लिकेशनचं दार बघायला एनस्टॅट (कर्नलचे नेटवर्कचे आकडे दाखवणारी कमांड) चालवा. यूडीपीचे रिसीव्ह बफर एरर वाढत असतील तर कर्नलने पॅकेट वेळेत पोचवलंय, प्रोग्राम ते वाचत नाहीये.

या तिन्ही खिडक्यांतला मजकूर तारीख-वेळेसकट फाइलमध्ये ठेवा. पुढचा प्रत्येक बदल याच आकड्यांशी ताडून बघायचा आहे.

विसरलेला टीसीपीडंप

छोटी तपासणी आहे, पण वगळू नका. कोणीतरी महिन्यापूर्वी तपासणीसाठी टीसीपीडंप, म्हणजे पॅकेट टिपून दाखवणारा प्रोग्राम, लावलेला असतो आणि तो स्क्रीनच्या आड चालूच राहतो. असा प्रोग्राम उघडा असेपर्यंत येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट त्यालाही दाखवावं लागतं. /प्रॉक/नेट/पॅकेट ही फाइल बघा. प्रोटोकॉलच्या रकान्यात ०००३ असलेली ओळ म्हणजे सगळी पॅकेट ऐकणारा सॉकेट. डीएचसीपीचा क्लायंटही (मशीनला आयपी पत्ता मिळवून देणारा प्रोग्राम) तिथे दिसू शकतो, त्याला हात लावू नका. बाकी कोणाचा आहे ते एसएस कमांडने शोधा, ज्याने लावला त्याला विचारा, आणि मग बंद करा.

कनेक्शनचं टेबल, आणि शुक्रवार

जुनी पानं चालतात पण नवं काही उघडत नाही, हे लक्षण असेल तर डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची यादी, बघा. "एनएफ_कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट" ही ओळ दिसली की प्रश्नच मिटला. फायरवॉल प्रत्येक कनेक्शनची एक नोंद ठेवते आणि त्या नोंदींच्या टेबलाला कमाल मर्यादा असते. सध्या किती नोंदी आहेत आणि मर्यादा किती, हे सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंग बघण्या-बदलण्याच्या कमांडमध्ये) नेट.नेटफिल्टरखाली एनएफ_कॉनट्रॅक_काउंट आणि एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्स या नावांनी मिळतं. चालू असलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद, त्यावर काहीही हालचाल नसली तरी, डीफॉल्टने ४,३२,००० सेकंद राहते. म्हणजे पाच दिवस. मध्येच वीज गेलेल्या कॉम्प्युटरची, वायफायच्या टप्प्याबाहेर गेलेल्या फोनची नोंद टेबलात तशीच पडून राहते.

ज्या युनिटबद्दल वर लिहिलं तिथे २ जीबी रॅमच्या गेटवेवर मर्यादा ६५,५३६ होती. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि सगळ्यांचे फोन मिळून अकराच्या आत टेबल भरायचं. रीबूट केल्यावर तासभर बरं वाटायचं, कारण रीबूटने टेबल रिकामं होतं. मी मर्यादा वाढवली, ती /इटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये फाइल करून कायम केली, त्रास थांबला. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. पुन्हा गेले, आकडा मूळ जागी आलेला. वाटलं कोणीतरी बदलला. हाताने पुन्हा लागू केला. असं तीनदा झालं.

तिसऱ्या खेपेला मी सर्व्हरच्या कपाटासमोर स्टुलावर बसले होते, तेव्हा स्टोअरचे काका चहा ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, एक सांगू का? हे दर वेळी शुक्रवारीच होतं. सोमवारी कधी फोन आलाय का आमचा तुम्हाला?"

मी फोनमधली कॉलची यादी उघडली. तिन्ही शुक्रवार. भोसरीत गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. देखभालीसाठी त्या दिवशी वीज बंद असायची, यूपीएस संपायचा, मशीन बंद पडायचं आणि वीज आली की आपोआप सुरू व्हायचं. बिघाड दर आठवड्याला नव्याने जन्मत नव्हता. माझी दुरुस्ती दर गुरुवारी पुसली जात होती.

पण फाइल तर जागेवर होती, मग का? कारण मशीन सुरू होताना सिसकंट्रोलच्या फाइली वाचल्या जातात तेव्हा कनेक्शन ट्रॅकिंगचं मॉड्यूल (कर्नलला गरजेप्रमाणे जोडला जाणारा भाग) अजून लोड झालेलं नसतं. ज्या नावाचा आकडा बदलायचा ते नावच तोपर्यंत अस्तित्वात नाही. ओळ निष्फळ जाते, आणि फायरवॉलचे नियम लागताना मॉड्यूल स्वतःचा डीफॉल्ट आकडा घेऊन येतं. उपाय एका ओळीचा: /इटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये एक फाइल करून एनएफ_कॉनट्रॅक हे नाव लिहायचं, म्हणजे मॉड्यूल आधी लोड होतं. मग मुद्दाम रीबूट करून आकडा पुन्हा बघायचा. हे रीबूट मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर त्या लोकांचे तीन शुक्रवार वाचले असते. तेव्हापासून रीबूट करून तपासल्याशिवाय मी काम झालं असं कोणाला सांगत नाही.

मर्यादा वाढवताना एनएफ_कॉनट्रॅक_बकेट्सचा, म्हणजे टेबलाच्या कप्प्यांचा, आकडाही त्याच प्रमाणात वाढवा. नाहीतर एकेका कप्प्यात नोंदींची लांब साखळी होते आणि प्रत्येक पॅकेटसाठी ती शोधत बसावं लागतं. टेबल भरत नाही, पण वेग जातो.

सगळा भार एकाच सीपीयूवर

/प्रॉक/इंटरप्ट्स उघडा आणि तुमच्या कार्डाच्या ओळी शोधा. चांगल्या कार्डाला अनेक रांगा असतात आणि प्रत्येक रांगेचा इंटरप्ट वेगळ्या सीपीयूकडे जातो. ईथटूलचा लहान एल रांगा किती आहेत आणि किती चालू आहेत ते सांगतो. आठ शक्य असून एकच चालू असेल तर मोठ्या एलने वाढवा. रांगा आहेत पण सगळे इंटरप्ट एकाच सीपीयूवर पडत असतील तर आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट सीपीयूंमध्ये वाटून देणारा प्रोग्राम) चालू आहे का बघा.

रांगा आहेत, इंटरप्ट वाटलेले आहेत, तरी एकच सीपीयू भरतोय, असंही होतं. कार्ड कोणतं पॅकेट कोणत्या रांगेत टाकायचं ते पत्त्यांवरून आणि पोर्टवरून ठरवतं. पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडल्या जाणाऱ्या लाइनवर, आयपी पॅकेट आणखी एका वेष्टनात येतं. पुष्कळ कार्डांना त्या वेष्टनाच्या आतलं दिसत नाही, म्हणून ती सगळी पॅकेट पहिल्याच रांगेत टाकतात. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर सगळ्या खिडक्या उघड्या असाव्यात आणि गाड्या मात्र एकाच लेनमध्ये उभ्या असाव्यात, तसं. पुण्यात छोट्या ऑफिसांत अशा जोडण्या भरपूर आहेत, त्यामुळे हे मला वारंवार भेटतं.

यावर आणि एकाच रांगेच्या साध्या कार्डावर उपाय एकच: आरपीएस. कर्नल २.६.३५ मध्ये, २०१० साली, तो आला. पॅकेट एका सीपीयूने उचललं तरी पुढचं काम तो इतर सीपीयूंना वाटून देतो, आणि कर्नलला पीपीपीओईच्या वेष्टनाच्या आतलं वाचता येतं. /सिस/क्लास/नेट मध्ये कार्डाच्या नावाखाली, क्यूज मधल्या आरएक्स-० मध्ये आरपीएस_सीपीयूज ही फाइल आहे. चार कोअर असतील तर त्यात हेक्समधला "ई" लिहा, म्हणजे पहिला सोडून बाकी तिन्ही. पहिल्याला इंटरप्टचं काम आहेच.

आता एक बारकावा, जो चुकीचा सांगितला जाताना मी सारखा पाहते. नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉग, डीफॉल्ट १०००, हा आकडा वाढवा असा सल्ला सर्रास मिळतो. आरपीएस नसेल तर नॅपी वापरणाऱ्या खऱ्या कार्डाची पॅकेट त्या बॅकलॉग रांगेतून जातच नाहीत. तो आकडा वाढवून काही होत नाही. आरपीएस लावल्यावर, किंवा कंटेनरच्या व्हर्च्युअल जोडण्यांवर, तो लागू होतो. सॉफ्टनेटचा दुसरा रकाना वाढत असेल तरच त्याला हात लावा.

रिंग आणि बजेट

ईथटूलच्या मोठ्या एसमध्ये मिस्ड वाढत असेल तर लहान जीने रिंगचा आकार बघा. आयजीबी ड्रायव्हरचं उदाहरण घ्या: सुरुवातीला २५६, कमाल ४०९६. १ गिगाबिटवर पूर्ण आकाराची पॅकेट सेकंदाला ८१ हजार येतात, म्हणजे २५६ जागा ३ मिलिसेकंदांत भरतात. सीपीयू तेवढा वेळ दुसरीकडे गुंतला की पॅकेट गेलं. १०२४ करा आणि मोजा. थेट ४०९६ करू नका. भरलेल्या रिंगमध्ये मग ५० मिलिसेकंदांचा माल साचतो, लॉस जातो आणि त्याच्या जागी उशीर येतो. फोनवर बोलणाऱ्याला दोन्ही सारखेच नकोसे. आकार बदलताना बऱ्याच ड्रायव्हरांमध्ये जोडणी क्षणभर तुटते, म्हणून हे जेवणाच्या सुट्टीत करा.

तिसरा रकाना सतत वाढतोय आणि त्या सीपीयूवर अजून जागा आहे, तर नेटडेव्ह_बजेट (एका फेरीतल्या पॅकेटांची मर्यादा) ३०० वरून ६०० करा, आणि सोबत नेटडेव्ह_बजेट_यूसेक्सही (फेरीच्या वेळेची मर्यादा) वाढवा. जी मर्यादा आधी संपेल ती फेरी थांबवते, म्हणून एकच वाढवून उपयोग नाही. सीपीयू आधीच पूर्ण भरलेला असेल तर बजेट वाढवून काम वाढत नाही, फक्त इतर प्रोसेस उपाशी राहतात.

ईथटूलच्या लहान केने जीआरओ चालू आहे ना तेही बघून घ्या. तो एकाच कनेक्शनची लागोपाठची पॅकेट जोडून एक मोठं पॅकेट वर पाठवतो. कुठल्यातरी सल्ल्यावरून तो बंद केलेला असतो आणि कर्नलचं काम कितीतरी पट वाढलेलं असतं.

रिंगचा बदलही रीबूटने पुसला जातो. सिस्टिमडीच्या (मशीन सुरू होताना सगळं चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) लिंक फाइलमध्ये तो कायम करता येतो, पण त्या फाइलीत कार्डाच्या नावाचं धोरणही लिहा. अशी पहिली जुळणारी एकच फाइल लागू होते, मूळ फाइल बाजूला पडते, आणि रीबूटनंतर कार्डाचं नावच बदलून फायरवॉलचे नियम हवेत राहू शकतात.

नियमांची यादी

आयपीटेबल्स, म्हणजे लिनक्सची फायरवॉल, प्रत्येक पॅकेटसाठी नियम वरून खाली एकेक तपासतं. एखादी स्क्रिप्ट संशयित पत्ते अडवायला रोज नवे नियम घालत असेल आणि जुने काढत नसेल तर यादी हजारांत जाते. चालू कनेक्शनना वाट देणारा नियम सगळ्यात वर आणा आणि अडवायचे पत्ते आयपीसेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या वेगळ्या संचात, ठेवा. तिथे शोध हॅशने होतो, यादी कितीही लांब असली तरी.

पर्फ

इतकं करून उत्तर मिळालं नाही तर पर्फ टॉप, म्हणजे सीपीयूचा वेळ कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवणारी कमांड, भरलेल्या सीपीयूपुरती. आयपीटी_डू_टेबल किंवा एनएफटी_डू_चेन वर असेल तर नियमांच्या यादीकडे परत जा. कॉनट्रॅकचं नाव असलेलं फंक्शन वर असेल तर बकेट्स. स्पिन लॉक स्लोपाथ वर असेल तर अनेक सीपीयू एकाच कुलपासाठी भांडतायत. पॅकेट नेमकं का टाकलं हे जाणायचं असेल तर केफ्री_एसकेबी हा ट्रेसपॉइंट (कर्नलमधली नोंद घेण्याची जागा) बघा; कर्नल ५.१७ पासून तो कारणही सांगतो. गर्दीच्या वेळी ट्रेस काही सेकंदांपुरताच लावा, त्याचाही भार पडतो.

कधी थांबायचं

डीमेसेजमध्ये "सॉफ्ट लॉकअप" किंवा "नेटडेव्ह वॉचडॉग ... ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट" अशा ओळी वारंवार येत असतील तर थांबा. तिथे कार्ड, ड्रायव्हर किंवा फर्मवेअर यांच्यातलं दुखणं असतं, सेटिंग बदलून ते झाकलं जाईल आणि वाढेल. पर्फमध्ये सगळ्यात वर ड्रायव्हरचंच फंक्शन दिसलं तरी थांबा. चालू मशीनवर कर्नल किंवा कार्डाचं फर्मवेअर बदलायची वेळ आली, आणि तुमच्याकडे तसंच दुसरं मशीन नसेल, तरीही थांबा. त्या मशीनवर दवाखान्याचं काम किंवा चालू उत्पादन अवलंबून असेल तर मोजणीच्या पुढे एकट्याने जाऊच नका. बाहेरून मुद्दाम पाठवलेल्या पॅकेटांनी लाइनच भरली असेल तर तुमच्या कर्नलमध्ये करण्यासारखं काही नाही. ते इंटरनेट देणाऱ्यालाच वरच्या बाजूला अडवावं लागतं, त्याला लगेच कळवा.

जाणकाराला बोलावताना त्याच्या हातात या गोष्टी द्या: यूनेमने दाखवलेली कर्नलची आवृत्ती, ईथटूलच्या लहान आयने दिलेलं ड्रायव्हर आणि फर्मवेअर, त्रास चालू असतानाच्या त्या तीन खिडक्यांच्या फाइली, तुम्ही काय बदललं त्याची तारखेसकट यादी, आणि त्रास कोणत्या वारी, किती वाजता सुरू होतो ते. हे शेवटचं स्टोअरमध्ये, गेटवर, अकाउंट्सच्या मॅडमना विचारून लिहा. रोज तिथे बसणाऱ्या माणसांनी ते आधीच टिपलेलं असतं.